मुरमाचा गोल खड्डा

द्वारकाबाई नेमकं काय करतात, याचं एका शब्दात उत्तर निंबखेड्यात कुणालाच देता येत नसे. त्यात सगळ्यात जास्त पंचाईत व्हायची ती नागोराव मास्तरांची, कारण ते त्यांचे नवरे होते. बाई गातात म्हणावं, तर त्या नुसत्या गात नाहीत, कॅसिओही स्वतःच वाजवतात. वाजवतात म्हणावं, तर वाजवता वाजवता मोर्चा काढतात. मोर्चेवाल्या म्हणावं, तर मोर्चा संपला की घरी येऊन कॉम्पुटरवर चित्रं काढत बसतात. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी चहाची बशी तोंडाला लावता लावता सहज विचारलं, "मास्तर, मिसेस काय करतात?" मास्तर म्हणाले, "गाते." मग प्रामाणिकपणा आड आला म्हणून पुढे म्हणाले, "म्हणजे तसं आंदोलनाचंही असते. आणि आताशा कॉम्पुटरचंही वाढलं आहे." साहेबांचा चेहरा गंभीर झाला. जाताना त्यांनी नागपूरच्या एका चांगल्या डॉक्टरचं नाव सांगितलं.

निंबखेडा हे जैनथच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला असलेलं गाव. जिल्हा आदिलाबाद, राज्य त्या वेळी आंध्र, शाळा मराठी, ऑफिस तेलुगू, जमिनीच्या कागदातले शब्द निजामाच्या काळचे उर्दू, आणि भांडण ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. या गावात सारा, म्हणजे पिशवीतली सरकारी दारू, विकणारं दुकान होतं. द्वारकाबाईंनी त्याच्यासमोर बायका बसवल्या आणि दुकान बंद होईपर्यंत गाणी म्हटली. दुकान बंद झालं ते कायद्यामुळे की गाण्यांमुळे, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. मास्तर गाण्याच्या पक्षात आहेत आणि दुकानदारही. फक्त मास्तर ते छाती फुगवून सांगतात आणि दुकानदार कानाला हात लावून सांगतो.

तर अशा द्वारकाबाईंनी सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात विहिरीचं मनावर घेतलं. गावाच्या खालच्या अंगाला जी बौद्ध वस्ती आहे, तिला स्वतःची विहीर नव्हती. पाणी वरच्या आळीतल्या उद्धवराव पाटलांच्या विहिरीचं. पाटील तसा माणूस वाईट नव्हता. विहीर सगळ्यांना खुली आहे असं तो स्वतःच सांगत असे. रीत तेवढी जुनी होती. वस्तीतल्या बाईनं आपला हंडा विहिरीपासून चार हात लांब ठेवायचा, मागं सरून उभं राहायचं, आणि पाटलीणबाई रेणुकाबाईंनी किंवा त्यांच्या गड्यानं वरून पाणी वाढायचं. कुणी विचारलंच तर, "तसं काई नाई बाई, काठाले चिखल असते, पाय घसरते," असं गोड उत्तर मिळे. हा चिखल भर मे महिन्यातही वाळत नसे. याच वस्तीतले मास्तर हेडमास्तर झाले, द्वारकाबाईंचा फोटो पेपरात आला, तरी हंडा ठेवून मागं सरणं काही सुटलं नव्हतं. अर्ज करून करून वस्तीतली एक पिढी म्हातारी झाली होती.

"अर्ज कोनी वाचत नाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता दाखवू."

"काय दाखवता?" मास्तरांनी विचारलं.

"सिनेमा," बाई म्हणाल्या. मास्तर सावध झाले, कारण बाई थट्टेनं बोलल्या की मास्तरांना कळत असे, आणि या वेळी त्या थट्टेनं बोलल्या नव्हत्या.

बाईंचा भाऊ दादाजी बेल्लमपल्लीला कोळशाच्या कंपनीत कारकून होता. त्याच्या साहेबाच्या मुलानं नवा कॉम्पुटर घेतला आणि जुना दादाजीच्या गळ्यात पडला. दादाजीनं तो आपल्या बहिणीच्या गळ्यात घातला. तो आणायला नवराबायको गेले आणि येताना पडदा मास्तरांच्या मांडीवर, डबा बाईंच्या मांडीवर, आणि वायरी मास्तरांच्या गळ्यात, अशी स्वारी बसमध्ये बसली. कंडक्टरनं विचारलं, "ये टीवी का लगेज कौन देगा?" मास्तर ताठ बसून म्हणाले, "यह टीवी नहीं है. यह शिक्षण का साधन है." यावर बसमध्ये रीतसर चर्चा झाली. एक जण म्हणाला, लगेज लागते. दुसरा म्हणाला, मांडीवर बसणाऱ्याला कसलं लगेज? शेवटी बाईंनी आपल्या खांद्यावरची शाल काढून पडद्यावर नीट पांघरली आणि म्हणाल्या, "झोपलं हाय, भाऊ. आन पाच वर्साच्या आतलंच हाय." कंडक्टर हसला आणि पुढे गेला. मास्तरांची मान मात्र नेरडीगोंडा येईपर्यंत खाली होती.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. वस्तीत डोमाजी नावाचे समोरचे शेजारी होते. त्यांना सर्व विषयांतलं थोडं थोडं कळत असे, आणि जे कळत नसे त्याच्यावर ते जास्त बोलत. ते म्हणाले, "मास्तर, याले वायरस होते म्हनते. याच्याजवळ खोकू नका." त्यानंतर आठवडाभर मास्तरांना सर्दी होती, तर बाईंनी त्यांना ओसरीत झोपवलं. कॉम्पुटर आत, गादीवर.

चित्रं काढायला सुरुवात झाली तेव्हा दुसरीच अडचण निघाली. हंगाम कापसाचा. पुढच्या खोलीत मास्तरांच्या भावाच्या शेतातला कापूस आढ्यापर्यंत भरलेला. घरात जिकडेतिकडे तूस उडत असे आणि ते सगळं त्या माउसच्या पोटातल्या गोळीला जाऊन चिकटत असे. बाईंनी सरळ रेघ ओढली की ती मध्येच अडकून टुणकन उडी मारायची. वस्तीतल्या बाया डोक्यावर रिकामे हंडे घेऊन रांगेत चालल्या आहेत, असं चित्र त्यांना काढायचं होतं. बाया जमल्या. पण हंड्याला काही केल्या गळा येईना. गळ्याशी आलं की माउस अडके आणि हंडा पसरट होऊन बसे.

"हे हंडे नाई वाटून राह्यले," मास्तर भीत भीत म्हणाले.

"मंग काय वाटून राह्यले?"

"घमेले."

"ते कला हाय," बाई म्हणाल्या. "समजनाऱ्याले समजते." पुढे जे काही झालं त्यात आपलं म्हणणं खरं होतं हे मास्तरांनी बाईंना एकदाही बोलून दाखवलं नाही, यातच त्यांचा संसार टिकला.

आता ऐका योग कसा. सरकारनं त्या वर्षी गावोगाव अधिकाऱ्यांच्या सभा लावल्या होत्या. आमच्या मंडलाला, म्हणजे तालुक्याला, नवीन साहेब आले होते, पार समुद्राकडचे. माणूस तरुण, हसरा, पांढऱ्या शर्टातला. हिंदी ते शाळेत परीक्षेपुरती शिकले होते आणि परीक्षेनंतर त्यांनी ती सोडून दिली होती. मराठी त्यांनी ऐकलीच नव्हती. त्यात मार्च जवळ आलेला. लोकांना रोजगार देण्याच्या योजनेतली कामं तशीच पडून होती आणि ती मार्चच्या आत कुठेतरी लावा म्हणून वरून रोज विचारणा होत होती. साहेबांच्या कानात त्या महिन्यात काय वाजत होतं, ते तुम्ही समजू शकता.

सभेच्या दिवशी वीज गेली. वीज जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून डोमाजींनी आपल्या साडूचं लग्नातलं जनरेटर आणून ठेवलं होतं. ते सुरू झालं आणि वडावरचे बगळे उडाले. त्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं शेजारच्या माणसाला ऐकू येईना. बैलगाडीवर कॉम्पुटरचा पडदा ठेवलेला, बाजूला द्वारकाबाई कॅसिओ घेऊन उभ्या, मागं वस्तीतल्या बाया कोरसला. निळ्या साडीतल्या आपल्या बायकोकडे पाहून मास्तरांना वाटलं की ही बाई इथं उभी आहे एवढंच पुरे, विहीर नाही मिळाली तरी चालेल. मग त्यांनी तो विचार ताबडतोब मागं घेतला.

गाणं बाईंनी स्वतः रचलेलं. कडव्यांत सगळं होतं, पाटलाची विहीर, चार हात लांब ठेवलेला हंडा, न वाळणारा चिखल. पण कडवी बाई एकट्या म्हणत, ती जनरेटर खाऊन टाकी. धृपद मात्र पन्नास बाया मिळून म्हणत. ते जनरेटरच्या बापाला दबलं नसतं.

"पानी, पानी, पानी द्या हो! आमाले पानी, पानी!"

आता ज्याला तेलुगू येते त्यानं इथंच कपाळावर हात मारला असेल. तेलुगूत पनि म्हणजे काम. गावात हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पोरासोरांनाही माहीत होतं. बाजारात 'पनि उंदा?' म्हणजे काम आहे का, असं विचारतच लोक मजुरीला जात. पण आपलं पाणी ते आपलं पाणी. ते साहेबाच्या कानात गेल्यावर काम होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया रांगेनं निघाल्या होत्या. कानात पनि, पनि. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले, माइक हातात घेतला आणि तेलुगूतून म्हणाले, की मी जाईन तिथं लोक मला फुकट काहीतरी मागतात, आणि या माउल्या काय मागतात? पनि! त्यांनी मूठ वर केली. सभेतून आवाज आला, "पानी!" साहेब म्हणाले, "पनि इस्तानु!" इस्तानु म्हणजे देतो, हे सगळ्यांना समजलं. मग काय विचारता! हलगी वाजली, निळा गुलाल उधळला, साहेबांचा पांढरा शर्ट निळा झाला, आणि साहेब हसत हसत जीपमध्ये बसून गेले. त्या दिवशी मास्तरांना इतका अभिमान वाटला की त्यांनी उद्धवराव पाटलाला बोलावून चहा पाजला.

आठवडा झाला नाही तोच वर्क इन्स्पेक्टर टेप घेऊन आला. त्यानं वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत माप घेतलं, खुंट्या ठोकल्या आणि म्हणाला, "मुरमाचा रस्ता. सगळ्यांना काम. उद्यापासून या."

"आन विहीर?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"कसली विहीर? तुम्ही पनि मागितली. ही पनि."

बाई घरी आल्या आणि काळ्या पडद्यासमोर बसल्या. संध्याकाळपर्यंत बातमी वरच्या आळीत गेली होती. पारावर उद्धवराव मास्तरांना गाठून म्हणाले, "मास्तर, तुमच्या बाईनं मांगतली विहीर आन भेटलं घमेलं. आता रेल्वे मांगा म्हना, पाह्यू काय भेटते." पारावरचे लोक पोट धरून हसले. मास्तर स्वतःवर झालेले विनोद मुकाट्यानं सोसत आले होते, मास्तराच्या नोकरीत ते येतंच. पण बायकोवर हसलेलं त्यांना लागलं. घरी येऊन पाहतात तर बाई तशाच बसलेल्या. भाकरी झाकलेली.

"पन्नास बाया माह्या मागं गायल्या," बाई म्हणाल्या. "त्याइले आता काय सांगू? जा म्हनू, अजून मागं सरून उभ्या राहा?"

मास्तरांनी आजवर बाईंच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. ते ताडकन म्हणाले, "मी जातो साहेबाकडे. मी सांगतो समजावून."

"तेलुगूत?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

हा प्रश्न तसा वर्मी लागणारा होता. सरकारी नोकराला तेलुगूची परीक्षा द्यावी लागे आणि मास्तर तीत पुन्हा पुन्हा नापास झाले होते. मराठी शाळेच्या मास्तराला तेलुगू कशाला, हा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो नापास झाल्यावर सुचला होता. डोमाजी म्हणाले, हिंदीत बोला. पण मास्तरांना ते पटेना. साहेबाशी बोलायचं तर साहेबाच्या भाषेत, त्याशिवाय वजन पडत नाही. बसमध्ये ते सबंध वाटभर ओठ हलवत पाठ करत गेले. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं मास्तर बुद्धवंदना म्हणतायत. त्यानं हात जोडले.

साहेबांनी मास्तरांना ओळखलं, उठून खुर्ची दिली. मास्तर उभेच राहिले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "सार! पनि कादु सार. पानी कावालि."

म्हणजे मास्तरांच्या मनात होतं, काम नको, पाणी पाहिजे. साहेबांना ऐकू आलं, काम नको, काम पाहिजे. साहेबांनी प्रेमानं मान डोलावली आणि सांगितलं, की पनि दिली आहे, काळजी करू नका. मास्तर म्हणाले, "कादु, कादु! पानी!" साहेब होकार देत म्हणाले, "अवुनु, पनि!" असं थोडा वेळ चाललं. मास्तरांना घाम फुटला. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं, आणि मग एकदम पहिल्या इयत्तेच्या तेलुगू पुस्तकातला शब्द देवासारखा धावून आला. तेलुगूत पाण्याला म्हणतात नीळ्ळु! मास्तर ओरडलेच, "नीळ्ळु! सार, नीळ्ळु कावालि!"

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी ताबडतोब घंटी वाजवली. शिपायानं गार पाण्याचा ग्लास आणून मास्तरांसमोर धरला.

आता साहेबानं दिलेलं पाणी नाही कसं म्हणणार? मास्तर प्यायले. ग्लास ठेवून, तोंड पुसून पुन्हा म्हणाले, "सार, नीळ्ळु." साहेबांनी दुसरा मागवला. तिसऱ्या ग्लासाच्या वेळी साहेब स्वतः उठून पंख्याचं बटण वाढवून आले आणि कारकुनाला म्हणाले, बिचारे उन्हातून आले आहेत. तेवढ्यात जीप लागली, साहेबांनी मास्तरांचा हात हातात घेऊन दाबला आणि ते दौऱ्यावर निघून गेले. मास्तर खुर्चीत बसून राहिले. पोटात पाणी हिंदकळत होतं.

घरी दारातच बाई उभ्या. "काय झालं?"

मास्तर चपला काढत म्हणाले, "पानी भेटलं."

"खरंच?"

"तीन गिलास."

आणि सगळी हकीकत ऐकल्यावर द्वारकाबाई हसायला लागल्या. भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून, श्वास लागेपर्यंत हसल्या. शेजारच्या राहीबाई काय झालं म्हणून धावत आल्या आणि त्याही हसायला लागल्या. मास्तरांना आधी राग आला. मग त्यांच्या लक्षात आलं की खुंट्या ठोकल्या त्या दिवसापासून बाई पहिल्यांदाच हसल्या आहेत, तेव्हा त्यांनी ग्लासांची गोष्ट पुन्हा एकदा, जरा रंगवून सांगितली.

हसू ओसरल्यावर बाई गप्प झाल्या. हे गप्प होणं मास्तरांच्या ओळखीचं होतं. गाणं सुचायच्या आधी बाई अशाच होत.

"रस्त्याले मुरूम कुठून आनतात?" त्यांनी विचारलं.

"जवळपास खंदतात. सरकारी जागा पाहून."

"आपल्या विहाराच्या मागची जागा सरकारीच हाय ना?"

"हाय."

"आन कन्हारीच्या काळ्या मातीखाली तिथं मुरूम हाय. विहाराचा पाया खंदला तवा लागला होता."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तो पनि देऊन राह्यला ना? देऊ द्या. त्याच्या पनितूनच आपलं पानी काढू."

दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती कामावर हजर. इन्स्पेक्टर खूष. मुरूम जवळ मिळाला की वाहतूक वाचते, त्यामुळे विहारामागची जागा त्यानं चटकन मान्य केली. पुरुष खणत, बाया घमेली उचलत, आणि द्वारकाबाई स्वतः दोन खेपांच्या मध्ये बॅटरीवर कॅसिओ लावून गाणं धरत. तुम्ही म्हणाल, हे काय कलेचं काम? पण त्या गाण्यावर घमेलं हलकं होत असे हे मास्तरांनी स्वतः उचलून पाहिलं आहे. शाळा सुटली की तेही येत, दोन घमेली टाकत आणि मग कंबर धरून बायकोचं कौतुक करत बसत.

रस्ता सरकत होता आणि खड्डा खोल जात होता. एक दिवस इन्स्पेक्टर काठावर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "मुरमाचा खड्डा गोल कसा?"

डोमाजींनाही सल्ला सुचेना. द्वारकाबाई घमेलं खाली ठेवून म्हणाल्या, "साहेब, आमी धम्मचक्र माननारे लोक. विहाराच्या मागं आमी चौकोनी खंदत नाई."

इन्स्पेक्टरनं चटकन चपला काढल्या. पुढं पायऱ्या दिसल्या तेव्हा त्याला सांगण्यात आलं की बायांना मुरूम घेऊन चढायला सोयीच्या पडतात. कडेनं दगड रचलेले दिसले तेव्हा सांगण्यात आलं की कड ढासळून कुणी दबू नये म्हणून. इन्स्पेक्टर म्हणाला, त्याच्या सबंध नोकरीत त्यानं इतके काळजी घेणारे मजूर पाहिले नव्हते.

एप्रिलमध्ये मुरूम ओला लागला. मग चिखल लागला. मग एका सकाळी राहीबाईंनी खालून हाक दिली आणि सगळी वस्ती काठावर जमली. तळाशी गढूळ पाणी चढत होतं. म्हातारी माणसं नुसती पाहत राहिली. मास्तर बाजूला जाऊन विहाराच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

इन्स्पेक्टरला कळलं तेव्हा तो पांढरा पडला. कामाचा नियम असा, की मुरमासाठी खणलेला खड्डा काम संपताच बुजवायचा, नाहीतर गुरंढोरं, लेकरं पडतात. रस्ता तयार होता, दोन दिवसांनी साहेब उद्घाटनाला येणार होते. "बुजवा," तो हात जोडून म्हणाला. "माझी नोकरी जाईल." बाई म्हणाल्या, "साहेब येऊ द्या. साहेबासमोर बुजवू." बुजवायचा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज कसा झाला, ते फक्त मास्तरांना कळलं.

उद्घाटनासाठी बाईंनी नवीन चित्रं काढली होती. माउस साफ करून, हंड्यांना गळे काढून. पण ऐन वेळी कॉम्पुटरनं इतक्या दिवसांची मुरमाची धूळ खाऊन जे डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. डोमाजी म्हणाले, "म्या म्हनलं होतं, खोकू नका." साहेब आले, नव्या रस्त्यावरून चालत आले, फीत कापली, आणि इन्स्पेक्टरकडे वळून त्यांनी विचारलं, मुरूम कुठला? इन्स्पेक्टरनं बोट दाखवलं. साहेब खड्ड्याच्या काठाशी आले. दाखवायला चित्र नव्हतं, म्हणायला गाणं होतं, पण बाईंच्या घशातून ते निघेना.

आणि त्याच वेळी वरच्या आळीकडून रेणुकाबाई आल्या. पाटलांच्या विहिरीनं त्या वर्षी तळ गाठला होता. दोन दिवस त्यांनी कळ काढली असावी. कमरेवर घागर, मागं वरच्या आळीतल्या आणखी तीन-चार बाया. त्या काठापासून चार हात अंतरावर थांबल्या. रेणुकाबाईंनी घागर खाली ठेवली आणि त्या मागं सरून उभ्या राहिल्या. मान खाली. विहीर वस्तीची, तेव्हा आता रीत उलटी झाली असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

सगळी वस्ती त्यांच्याकडे पाहत होती. राहीबाईंच्या हातात भरलेली बादली होती. त्या द्वारकाबाईंकडे पाहायला लागल्या. एवढ्या वर्षांचं वाढून घेतलेलं पाणी सगळ्यांच्या मनात होतं, आणि ते तसंच वरून परत वाढणं आता अगदी हातात होतं.

द्वारकाबाई पुढे झाल्या, खाली ठेवलेली घागर उचलली आणि रेणुकाबाईंच्या कमरेवर परत दिली. "तिथं काऊन उभ्या राह्यल्या, बाई? इथं कोनी कोनाले वरून वाढत नाई. पायऱ्या हायत. उतरा आन आपल्या हातानं भरा."

रेणुकाबाई एक पायरी उतरल्या, मग थांबल्या, मग उतरल्या. खाली राहीबाईंनी त्यांना हात दिला. दोघींच्या हातांत एकच घागर बुडाली आणि बुडबुडत भरली.

साहेबांनी हे सगळं पाहिलं. त्यातलं किती त्यांना समजलं, देव जाणे. इन्स्पेक्टर पुढे होऊन चाचरत म्हणाला, की हा खड्डा नियमाप्रमाणे बुजवायचा आहे. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं, खाली पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इदि गोय्यि कादु. बावि."

हा खड्डा नाही, बाव आहे, म्हणजे विहीर. त्या सबंध भानगडीतला हा एकच तेलुगू शब्द, जो निंबखेड्याच्या मराठीतही तोच निघाला. बाव म्हणजे बाव. ती कोण बुजवतो? हलगीवाल्यानं हलगीवर हात मारला आणि मग द्वारकाबाईंच्या घशातून गाणं निघालं. या वेळी जनरेटर नव्हतं, सगळी कडवी ऐकू आली. पाटलाच्या विहिरीचं कडवं रेणुकाबाईंनी घागर कमरेवर घेऊन, उभ्यानं, शेवटपर्यंत ऐकलं.

आभाराचं भाषण नागोराव मास्तरांकडे होतं. ते त्यांनी तेलुगूत पाठ केलं होतं आणि बाईंना म्हणूनही दाखवलं होतं. मास्तर माइकसमोर उभे राहिले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, वस्तीकडे पाहिलं, काठावर मुरमानं लाल झालेल्या साडीत घाम पुसत उभ्या असलेल्या द्वारकाबाईंकडे पाहिलं. घसा खाकरला. एकही शब्द आठवेना. पुन्हा खाकरला. मग त्यांनी बाईंकडे हात केला आणि भरल्या आवाजात, शुद्ध मराठीत, सर्व उपस्थितांना जाहीर केलं, "ही माझी बायको आहे."

आणि ते खाली बसले. ही बातमी गावाला नवीन नव्हती. पण मास्तरांनी ती अशी काही सांगितली, की लोकांनी बराच वेळ टाळ्या वाजवल्या.